ती नळी फालतू नव्हती: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. जुन्या डिझेल फोर बाय फोरच्या बॉनेटखालचे अनोळखी भाग कसे ओळखायचे, या माझ्या लेखावर तुमचे तीन आक्षेप आहेत. एक, डिझेल इंजिनात हवेच्या वाटेवर थ्रॉटलचा पडदा नसतो असं मी सरसकट लिहिलं, ते चूक आहे. दोन, बाण मारलेला एक फोटो पुरला असता. मी उगाच लोकांना नळ्यांचा माग काढायला लावलं. तीन, मेस्त्रीचं काम मालकाने करू नये, अर्धवट माहितीने गाड्या बिघडतात.

पहिला आक्षेप पूर्ण मान्य, आणि लेखात दुरुस्ती केली आहे. बहुतेक डिझेल इंजिनं हवा मोकळेपणी ओढतात, वेग सांभाळला जातो तो डिझेल कमीजास्त करून. पण जुन्या काही इनलाइन डिझेल पंपांवर (इंजेक्टरना डिझेल मापून देणारा पंप) हवेच्या ओढीवर चालणारा गव्हर्नर, म्हणजे वेग आवरणारा भाग, असतो आणि तिथे पडदा असतोच. ओळखायची खूण अशी: ॲक्सिलरेटरची दांडी पंपावर न जाता इनटेकच्या गळ्याशी जाते, आणि त्या गळ्यापासून एक नळी पंपाच्या टोकाला असलेल्या गोल डबीत शिरते. डबीत डायफ्राम, म्हणजे लवचिक पडदा, असतो. हवेची ओढ त्याला खेचून धरते, म्हणून डिझेल आवरलं जातं. ती नळी निघाली किंवा चिरली, की आतली स्प्रिंग रॅक, म्हणजे डिझेल कमीजास्त करणारी पट्टी, थेट पूर्ण डिझेलकडे ढकलते आणि इंजिन सुसाट सुटतं. बोटभर रबरी नळी, पण इंजिनाचा लगाम तिच्या हातात. हे माझ्या लेखात यायलाच हवं होतं.

फोटोचं मात्र मला पटत नाही. आपल्याकडे पंचवीस-तीस वर्षं चाललेली कुठलीही जीप उघडून बघा. बॉनेटवर नाव एकाचं, खाली इंजिन दुसरं, अल्टरनेटर तिसऱ्याच गाडीचा. आमच्या गोव्यात सत्तरीत काय, सांग्यात काय, गाडी चालू राहावी म्हणून ज्याला जे मिळालं ते त्याने बसवलं, आणि त्यात काही गैर नाही. पाण्यात उतरणाऱ्या गाडीचा ब्रीदर, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणारी नळी, कुणीतरी उंच नेलेला असतो, डिझेल फिल्टर दुसऱ्या बाजूला हलवलेला असतो. माझ्या गाडीचा फोटो तुमच्या गाडीला लागू पडेलच असं नाही. नळी कुठून निघते आणि कुठे जाते, हे मात्र तुमच्याच गाडीत दिसतं.

हे मी अनुभवातून सांगतोय. माझ्या अल्टरनेटरच्या पाठीला एक गोल डबडं आहे. त्याला तीन जोडण्या: बाजूला जाडसर नळी, वर बँजो बोल्टने (आतून पोकळ बोल्ट) बसवलेला बारीक धातूचा पाईप, आणि खाली सरळ सम्पकडे, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या टाकीकडे, उतरणारी रुंद नळी. अल्टरनेटरवर तेल यायला लागलं म्हणून मी गाडी एका गॅरेजात टाकली. तिथे तो बारीक पाईप ‘एक्स्ट्रा’ ठरला. इंजिनाकडचं तोंड बोल्ट मारून बंद, पाईप काढून डिकीत. तेल थांबलं, मीही खूश झालो.

दोनेक महिन्यांनी बेळगावहून येताना चोर्ला घाटाच्या उतारावर ब्रेकचं पेडल लाकडासारखं कडक झालं. पहिले दोन-तीन ब्रेक नेहमीसारखे लागले, पुढे सगळा भार पायावर. मागच्या सीटवर आई होती. सेकंड गिअरमध्ये, दोन्ही पायांनी दाबत केरीपर्यंत आलो.

ते डबडं म्हणजे व्हॅक्युम पंप. जाड नळी ब्रेकच्या बूस्टरला, म्हणजे पेडलवरचा जोर वाढवणाऱ्या डबीला, जाते, कारण इनटेकमध्ये बूस्टरपुरती ओढ मिळत नाही. बारीक पाईपने इंजिनाचं तेल येतं आणि पंपातली पाती त्या तेलावर फिरतात. खालच्या रुंद नळीने ते तेल, ओढलेल्या हवेसकट, सम्पमध्ये परततं. तेल बंद केल्यावर पाती कोरडी फिरून झिजली. गळत होतं ते केवळ सील. फोटो त्या गॅरेजवाल्यांनीही शेकडो पाहिले असतील. पाईपचं दुसरं टोक ऑइल गॅलरीत, म्हणजे इंजिनातल्या तेलाच्या वाटेत, आहे हे पाहून ‘इथे तेल का लागतं?’ एवढं कुणी विचारलं असतं, तर तो बोल्ट लागला नसता.

हीच जोडणी माहीत असली की आणखी एक घोटाळा टळतो. बूस्टरची नळी कुठे चिरली तर पंप सतत बाहेरची हवा ओढून सम्पमध्ये ढकलतो आणि ब्रीदरमधून फुसफुस वाढते. ती बघून ‘इंजिन गेलं, बोअर करा’ असं सांगितलं जातं. इंजिन उघडायच्या आधी व्हॅक्युम पंपाची नळी तपासायला काय हरकत आहे?

तिसऱ्या आक्षेपात तुमची काळजी खरी आहे. माग काढायचा तो डोळ्यांनी, इंजिन बंद आणि थंड असताना. डिझेल पंपाकडून इंजेक्टरला जाणाऱ्या लोखंडी पाईपांची गळती चालू इंजिनावर बोटाने चाचपायची नाही. तिथे दाब शंभर बारच्या वर असतो आणि डिझेलची धार कातडीत घुसते. तिथे पुठ्ठा धरावा. पंपाचं टायमिंग, सीलबंद स्क्रू मेस्त्रीकडेच. पण काय कशाला जोडलंय हे मालकाला ठाऊक असलं, तर मेस्त्रीशी बोलणंही नीट होतं. माझा आताचा म्हापशाचा मेस्त्री पाईप काढायच्या आधी मला बोलावून दाखवतो.

तुम्ही शेवटी लिहिलंय की तुमच्या डिझेल पंपाच्या मागेही तशी गव्हर्नरची गोल डबी आहे आणि तिची नळी टोकाला तडकलेली दिसते. तसं असेल तर नळी बदलेपर्यंत गाडी चालू करू नका. नवी नळी त्याच आतल्या मापाची घ्या, दोन्ही टोकांना क्लिप घाला, आणि पहिल्यांदा स्टार्ट मारताना कुणाला तरी इंजिन बंद करायची स्टॉपची केबल हातात धरून बसवा.