क्रिमिनॉलॉजी हा ‘वेळ घालवण्याचा’ विषय आहे का? एका फिरत्या दाव्याचा प्रतिवाद

जीसीएसईचे, म्हणजे सोळाव्या वर्षी होणाऱ्या शालान्त परीक्षेचे, निकाल लागून पुढचे विषय निवडायची वेळ आली की ब्रिटनमधल्या मराठी पालकांमध्ये एक सल्ला दरवर्षी हातोहात फिरतो. त्याचा सारांश असा: सिक्स्थ फॉर्मला, म्हणजे विद्यापीठाआधीच्या दोन वर्षांत, क्रिमिनॉलॉजी (गुन्हेशास्त्र) घेऊ नये, तो गुन्ह्यांच्या मालिका पाहणाऱ्या मुलांचा विषय आहे, त्याला खरी परीक्षा नसते, विद्यापीठे तो धरत नाहीत, त्यातून फार तर पोलिसात जाता येते, आणि पदवीला तेच सारे पुन्हा पहिल्यापासून शिकवतात. हा सल्ला देणाऱ्यांना मुलांचे भलेच हवे असते, याबद्दल शंका नाही. पण सोळा वर्षांच्या मुलाची पुढची दोन वर्षे ज्याच्या आधारावर ठरतात, ते विधान तपासूनच पुढे पाठवले गेले पाहिजे, आणि हे विधान तपासाला उतरत नाही.

परीक्षेचा मुद्दा सर्वांत सोपा आहे, कारण तिथे मताला वावच नाही. ज्या अभ्यासक्रमाबद्दल ही चर्चा बहुतेक वेळा चालते, तो वेल्श परीक्षा मंडळाचा, म्हणजे डब्ल्यूजेईसीचा, तिसऱ्या स्तरावरचा (विद्यापीठाआधीच्या पातळीचा) उपयोजित डिप्लोमा होय. त्याचे चार घटक आहेत. गुन्हेगारीच्या उपपत्तींचा दुसरा घटक आणि गुन्हा व शिक्षा यांवरचा चौथा घटक यांची प्रत्येकी दीड तासाची लेखी परीक्षा असते आणि तिच्या उत्तरपत्रिका मंडळ तपासते. उरलेल्या दोन घटकांचे मूल्यमापन कॉलेजातच होते, पण ते घरून लिहून आणायचे काम नव्हे. विद्यार्थ्याला प्रत्येकी आठ तासांच्या मर्यादेत, देखरेखीखाली बसून, दिलेल्या प्रकरणावर उत्तरे लिहावी लागतात. आठ तासांच्या त्या लेखनाला सोपे म्हणणाऱ्याने ते एकदा लिहून पाहावे.

विद्यापीठांबद्दलचा मुद्दा अर्धा खरा आहे, आणि अर्धे खरे विधान जास्त दिशाभूल करते. या डिप्लोमाला ए-लेव्हल या विद्यापीठाआधीच्या नेहमीच्या परीक्षेसारख्याच श्रेणी मिळतात आणि विद्यापीठ प्रवेशाचे अर्ज हाताळणाऱ्या यूकॅस या संस्थेच्या तक्त्यात त्यांचे गुणही तेवढेच आहेत: ए-स्टारला ५६, एला ४८, बीला ४०. त्यामुळे तो कुठेच धरला जात नाही हे चूक आहे. मात्र गुण सारखे असले म्हणून प्रत्येक अभ्यासक्रम तो सारख्याच मानाने स्वीकारतो असे नाही. काही विभाग तीन ए-लेव्हल स्पष्टपणे मागतात, काही विभाग दोन ए-लेव्हलच्या जोडीला हा डिप्लोमा चालवून घेतात, आणि ज्याला वैद्यकीय शिक्षण घ्यायचे आहे त्याला हा विषय रसायनशास्त्राची जागा भरून देऊ शकत नाही. म्हणून मुलाच्या मनातल्या तीन-चार अभ्यासक्रमांच्या प्रवेशाच्या अटी विषय ठरवण्याआधी वाचणे, हे पालकाचे काम आहे. सरसकट नकार दिल्याने ते काम टळत नाही.

आता मुख्य आक्षेपाकडे येतो, की हा मालिका पाहणाऱ्या मुलांचा विषय आहे. अनेक मुले त्या ओढीनेच येतात, हे मान्य करायला हरकत नाही. कुतूहलाने वर्गात आलेला विद्यार्थी कमअस्सल असतो असे मी मानत नाही. वर्गात त्या कुतूहलाचे काय होते, ते पाहिले पाहिजे. ‘गुन्ह्याच्या जागेपासून न्यायालयापर्यंत’ या तिसऱ्या घटकात विद्यार्थ्याला पुराव्याचे आणि निकालांचे मूल्यमापन करावे लागते. चुकीने दोषी ठरवल्या गेलेल्या माणसांची प्रकरणे त्यात अपरिहार्यपणे येतात आणि त्यांतले सॅली क्लार्क यांचे प्रकरण इंग्लंडमध्ये सुपरिचित आहे. आपल्या दोन तान्ह्या मुलांचा खून केल्याच्या आरोपावरून त्यांना नोव्हेंबर १९९९ मध्ये जन्मठेप झाली. खटल्यात एका नामवंत बालरोगतज्ज्ञाने सांगितले की, अशा सुस्थितीतल्या कुटुंबात दोन अर्भके अकस्मात, नैसर्गिक कारणाने दगावण्याची शक्यता ७ कोटी ३० लाखांत एक आहे.

हा आकडा आला कुठून? एका मृत्यूची शक्यता ८,५४३ मध्ये एक धरली आणि त्या संख्येला तिनेच गुणले. सतरा वर्षांच्या विद्यार्थ्यापुढे हा गुणाकार ठेवला की पहिली चूक त्याला थोड्या विचाराने सापडते: एकाच आईवडिलांची, एकाच घरातली दोन मुले ही काही दोन सुटी नाणी नव्हेत, पहिल्या मृत्यूमागे आनुवंशिक किंवा परिस्थितीचे कारण असेल, तर तेच कारण दुसऱ्या वेळीही हजर असते. दुसरी चूक पकडायला वेळ लागतो आणि ती अधिक घातक आहे. एखादी घटना क्वचित घडते, एवढ्यावरून आरोपी निर्दोष असण्याची शक्यताही तितकीच कमी आहे असे ठरत नाही, कारण आईने आपली दोन अर्भके मारणे हीदेखील अतिशय क्वचित घडणारी गोष्ट आहे आणि तुलना या दोन दुर्मीळ शक्यतांमध्ये करायला हवी. रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटी या संख्याशास्त्रज्ञांच्या संस्थेने २००१ मध्ये या आकड्याला जाहीर हरकत घेतली. दुसऱ्या मुलाच्या सूक्ष्मजीव चाचण्यांचे निष्कर्ष बचाव पक्षाला दिलेच गेले नव्हते, हेही पुढे उघड झाले आणि जानेवारी २००३ मध्ये अपील न्यायालयाने शिक्षा रद्द केली. तोवर क्लार्क यांनी तीन वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढला होता. तज्ज्ञाचा अधिकार, आकड्याचा दरारा, पुरावा उघड करण्याचे कर्तव्य आणि ज्युरीची मर्यादा हे सारे या एका प्रकरणातून शिकलेल्या मुलाला मालिका पाहण्याचा छंद आहे असे म्हणणे, हा त्या मुलावर आणि त्याच्या शिक्षकांवर अन्याय आहे.

पहिला घटकही असाच डोळे उघडणारा आहे. पोलिसांकडे नोंद झालेले गुन्हे आणि १९८२ मध्ये सुरू झालेल्या गुन्हे सर्वेक्षणात लोकांनी स्वतः सांगितलेले गुन्हे यांत तफावत का पडते, कोणते गुन्हे लपून राहतात, भीतीपोटी वा लाजेपोटी कोण तक्रार करत नाही, याचा विचार त्यात होतो. जानेवारी २०१४ मध्ये ब्रिटनच्या सांख्यिकी प्राधिकरणाने पोलिसांच्या गुन्हे नोंदीच्या आकडेवारीचा ‘राष्ट्रीय सांख्यिकी’ हा दर्जा काढून घेतला, आणि त्याच वर्षी पोलीस निरीक्षणालयाच्या तपासणीत असे आढळले की पोलिसांपर्यंत पोचलेल्या गुन्ह्यांपैकी सुमारे १९ टक्के नोंदवलेच जात नव्हते. ‘गुन्हे घटले’ किंवा ‘गुन्हे वाढले’ या मथळ्यापुढे थांबून कोणी मोजले आणि कसे मोजले हे विचारणारा तरुण नागरिक मला तरी हवासा वाटतो. उपपत्तींच्या घटकातला इटालियन वैद्य लोम्ब्रोसो अनेकांना हास्यास्पद वाटतो, कारण जबडा आणि कपाळ पाहून जन्मजात गुन्हेगार ओळखता येतो असे त्याने १८७६ मध्ये मांडले होते. पण १९१३ मध्ये चार्ल्स गोरिंग या तुरुंगातल्या डॉक्टरने सुमारे ३,००० इंग्रज कैद्यांच्या मोजमापांची तुलना इतर लोकांशी करून ती कल्पना कशी खोडली, हे त्यालाच जोडून शिकायचे असते, आणि चेहऱ्यावरून माणूस पारखण्याची सवय आजही गेलेली नाही.

पोलिसात जाण्याच्या मुद्द्यावर फार रेंगाळण्याचे कारण नाही. इंग्लंड व वेल्समध्ये कॉन्स्टेबल होण्यासाठी हा विषय घेतलेला असण्याची अट नाही, आणि हा विषय घेतलेल्याला प्रोबेशन (शिक्षा झालेल्यांवर तुरुंगाबाहेर देखरेख), पीडितांसाठीच्या सेवा, बालगुन्हेगारांसोबतचे काम, समाजकार्य, कायदा, समाजशास्त्र किंवा मानसशास्त्र यांपैकी कोणतीही वाट बंद होत नाही. एका ठिकाणी मात्र खरोखर फसगत होते. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत काम करायचे स्वप्न असलेली मुले हा विषय घेतात आणि पदवीच्या प्रवेशाच्या वेळी त्यांच्याकडे रसायनशास्त्र किंवा जीवशास्त्र मागितले जाते. ही चूक महागात पडते. फिरत्या सल्ल्यात तिचा उल्लेख असता तर त्याचा निदान काही उपयोग झाला असता.

शेवटचा मुद्दा पदवीला सारे पुन्हा शिकवण्याचा. क्रिमिनॉलॉजीच्या पदवीसाठी हा विषय आधी झालेला असण्याची अट सहसा नसते, त्यामुळे पहिल्या वर्षी ओळखीच्या गोष्टी पुन्हा येतात, हे खरेच आहे. पण यावरून आधीची दोन वर्षे वाया गेली असा निष्कर्ष निघत नाही. इंग्लंडमध्ये २०२५-२६ साठी पदवीच्या वार्षिक शुल्काची कमाल मर्यादा ९,५३५ पौंड आहे. तीन वर्षांच्या त्या कर्जावर सही करण्याआधी, या विषयातले वाचन, आकडे आणि माणसांच्या दुःखाशी येणारा रोजचा संबंध आपल्याला पेलतो का, हे मुलाला कळणे मोलाचे आहे. जे मूल दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस ‘हे माझे क्षेत्र नाही’ असे शांतपणे सांगते, त्याचाही मोठा लाभ झालेला असतो.

ज्यांच्या घरी सध्या हा निर्णय चालू आहे, त्यांनी कॉलेजच्या खुल्या दिवशी दोन गोष्टी जरूर विचाराव्यात. इंग्लंडमध्ये उपयोजित अभ्यासक्रमांची फेररचना चालू असल्यामुळे, येत्या वर्षी तिथे नेमका कोणता अभ्यासक्रम शिकवला जाणार आहे आणि तो किती ए-लेव्हलच्या तोडीचा आहे, ही पहिली. आणि त्याच्या जोडीला कोणते दोन विषय घेतले तर मुलाच्या मनातल्या पदवीच्या अटी पूर्ण होतात, ही दुसरी. दोन्ही उत्तरे लेखी मागावीत आणि विद्यापीठाच्या प्रवेश विभागाकडून पडताळून घ्यावीत.