माझ्या तक्रारीचे सात तुकडे

माझा अर्ज एका परक्या माणसानं माझ्या डोळ्यांदेखत कात्रीनं कापला आणि वर मलाच म्हणाला, बाळ, आता बघ कसा सुटसुटीत झाला. मी 42 वर्षांची आहे. बँकेत आहे. माझ्या सहीनं लोकांची कर्जं पास होतात. बाळ!

भानगड कूलरची. मे महिन्यात नागपुरात दुसरी कशाची असणार. वॉरंटीतल्या कूलरचा पंप ऐन नवतपाच्या (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) तोंडावर बसला, फोन केला तर 'कंप्लेंट लेखी द्या लागते मॅडम', म्हणून भर दुपारी तोंडाला दुपट्टा गुंडाळून, पर्समध्ये कांदा टाकून (सासूबाईंचा हुकूम, लू लागत नाही म्हणे) बर्डीवरच्या सर्व्हिस सेंटरला गेले. नाव नाही घेत, कूलर अजून त्यांच्याच भरवशावर आहे. तिथंच काउंटरवर उभ्या उभ्या कोरा कागद मागून पानभर अर्ज खरडला. चांगला होता. अजूनही म्हणते, चांगला होता.

शेजारच्या स्टुलावर एक सर बसले होते. सर आहेत हे कुणी सांगायची गरज नव्हती, पांढरा हाफ शर्ट, खिशात निळं पेन एक आणि लाल पेनं दोन, म्हणजे रिटायर झाले तरी शाई संपायची भीती गेलेली नाही. मांडीवर पॉलिथिनच्या पिशवीत त्यांच्या स्वतःच्या कूलरचा पंप, त्याच्यावर बोअरच्या पाण्याचा क्षार पांढरा दगड होऊन बसलेला, आणि पिशवीला कुठंतरी भोक असल्यानं थेंब थेंब पाणी त्यांच्या पँटवर. त्यांना त्याचं काही नव्हतं. त्यांचं लक्ष माझ्या कागदावर.

"या परिच्छेदात विचार किती आहेत?"

मी म्हटलं, एकच आहे, संताप.

"सात आहेत," सर म्हणाले, आणि मी हो-नाही म्हणायच्या आत लाल पेन बाहेर. माझ्या वाक्यांना नंबर पडायला लागले. एक, फोनवर तुमच्या माणसानं मला 'पाणी टाकलं का मॅडम' असं विचारलं, मी नागपूरची आहे, कूलरमध्ये पाणी टाकतात हे मला माहीत आहे. दोन, सासूबाई 78 वर्षांच्या आहेत. तीन, पंखा फिरतो पण हवा गरम येते. चार, आधी जळका वास आला आणि मग आवाज बंद झाला. पाच, वॉरंटी अजून संपलेली नाही, बिलाची झेरॉक्स जोडली आहे. सहा, पत्ता. सात, कृपया माणूस पाठवावा.

"एका परिच्छेदात एक मध्यवर्ती विचार. बाकीची वाक्यं त्याला आधार देणारी. मध्यवर्ती वाक्य म्हणजे परिच्छेदाचा झिरो माइल, सगळी अंतरं तिथून मोजायची. तुझा झिरो माइल कुठाय?"

झिरो माइलचा दगडी खांब इथून चालत दहा मिनिटांवर आहे सर, असं ओठांवर आलं होतं. गिळलं. वयाचा मान.

"बरं, क्रम कोणता धरलास? काळाचा? मग आधी वास, मग आवाज बंद, मग फोन, मग अपमान. तू अपमान पहिला घातला."

मी म्हटलं, सर, हा रागाचा क्रम आहे. ज्याचा राग जास्त ते वर.

"रागाचा क्रम अभ्यासक्रमात नाही."

इथपर्यंत मी एकटी होते. पण नागपुरात दोन माणसं बोलत असली की तिसऱ्याला गप्प राहणं जमतच नाही. मागं एक काकू होत्या, त्या म्हणाल्या, जी सर, ते सोडा, तिनं आधीच्या लोखंडी कूलरशी तुलना करा लागते, तवाच यायले लाज वाटंल. सरांचे डोळे चमकले. तुलना! मग तुलनेत दोन पद्धती कशा असतात ते सुरू. आधी जुन्या कूलरचं सगळं सांगून मग नव्याचं सगळं, की पंपाला पंप, टाकीला टाकी असं जोडीजोडीनं? काकू म्हणाल्या, पंपाला पंप, नाहीतर दुसऱ्याचं वाचेपर्यंत पहिल्याचं विसरते ना माणूस. एवढ्या सगळ्या दुपारीत मला पटलेलं वाक्य हे एकच, आणि ते सरांचं नव्हतं.

मग पाठीवर बॅग लावलेला एक एमपीएससीवाला पोट्टा घुसला. त्याच्या क्लासमध्ये सांगतात की सुरुवात कोटेशननं करायची, मग सामाजिक बाजू, आर्थिक बाजू, पर्यावरणीय बाजू, आणि शेवट आशावादी. पंपाची पर्यावरणीय बाजू कोणती रे? तो म्हणाला, भूजल. कारण-परिणामानं लिहा ना मॅडम, कडक पाणी म्हणून क्षार, क्षारामुळं पंप जाम, जाम म्हणून मोटर जळाली. मी म्हटलं बाळा (मलाही कुणाला तरी म्हणायचं होतं), हे लिहिलं तर ते म्हणतील दोष तुमच्या पाण्याचा, वॉरंटी कॅन्सल. पोट्टा विचारात पडला. कार्यकारणभाव सगळीकडं लावायचा नसतो हे त्याच्या क्लासमध्ये सांगितलेलं नसावं.

सर म्हणाले, वर्णनच करायचं तर पाण्याच्या वाटेनं जा. खाली टाकी, टाकीत पंप, पंपातून नळीनं पाणी वर, वरून तिन्ही बाजूंच्या गवतावर, गवतातून परत टाकीत. वाचणारा पाण्याबरोबर फिरतो आणि बरोब्बर जिथं पाणी थांबलं तिथं थांबतो. खरं सांगते, हे मला आवडलं. आवडलं म्हणून जास्त राग आला. त्यांनी एवढ्यावर सोडलं असतं तर मी त्यांना समोरचा ऊसाचा रस पाजला असता.

पण सोडतील ते सर कसले. "चिपळूणकरांनी 1874 साली निबंधमाला काढली, ती अशीच निघाली का? मांडणी बाळ, मांडणी." आता निबंधमालेत कूलरच्या पंपावर काय आहे ते मी नाही विचारलं. पण मला कॉलेजातला मोंतेन आठवला. निबंध हा प्रकार ज्याच्यापासून सुरू झाला असं मानतात, तोच फ्रेंच गृहस्थ, 1580 साली त्याचं पहिलं पुस्तक आलं. त्याचा गाड्यांवर एक निबंध आहे. त्यात शिंक आली की लोक आशीर्वाद का देतात हे येतं, मग बोटीत मळमळणं, मग थोडं गाड्यांचं, मग राजांची उधळपट्टी, आणि तिथून माणूस थेट स्पॅनिश लोकांनी अमेरिकेत केलेल्या कत्तलींवर पोचतो. सरांनी त्याला दहातले दोन दिले असते. मला चार दिले. हो, कागदावर कोपऱ्यात, गोल करून, खाली रेघ मारून. चार!

तेवढ्यात त्यांनी काउंटरवरच्या पोराला कात्री मागितली. मला वाटलं पिशवीची गाठ कापतायत. तर माझा अर्ज. कर्र कर्र कर्र. "आता सरकवून पाहू, क्रम आपोआप सापडतो, मी तीस वर्षं मुलांकडून असंच करून घेतलं." पोरगं काउंटरमागून म्हणे, सर, इथं नका कापू ना, कचरा होते. माझा अर्ज म्हणजे कचरा.

सात पट्ट्या काउंटरवर मांडल्या. आणि त्याच क्षणाला एका गिऱ्हाइकानं, 'हवा किती फेकते पाहू द्या ना भाऊ' म्हणत दारातला मोठा डेमो कूलर फुलवर लावला.

हवा चांगली फेकते. हे मी लेखी देऊ शकते.

पट्ट्या दुकानभर. काकू वाकल्या, पोट्टा शटरपर्यंत धावला, सर मांडीवरचा पंप सांभाळत 'क्रम राखा, क्रम राखा' म्हणून ओरडताहेत. ज्याला जी सापडली ती त्यानं आणून दिली आणि पोट्ट्यानं हातात आल्या तशा मोठ्यानं वाचल्या: "सासूबाई 78 वर्षांच्या आहेत. वॉरंटी अजून संपलेली नाही. आधी जळका वास आला आणि मग आवाज बंद झाला. पंखा फिरतो." अख्खं दुकान हसलं. मीही हसले, पण घरी हे सांगितलेलं नाही.

काउंटरवरच्या पोरानं त्यातली 'कृपया माणूस पाठवावा' एवढी पट्टी उचलली, बिलाच्या झेरॉक्सला स्टेपल मारली, शिक्का ठोकला आणि म्हणाला, एवढं पुरते ना मॅडम. बाकी ड्रॉवरमध्ये कोंबलं. सर हताश. त्यांचा स्वतःचा तक्रारअर्ज चार परिच्छेदांचा होता, समासासकट, प्रस्तावना उष्म्यावर, आणि पंप मात्र गेल्या आठवड्यापासून मांडीवर. ते त्यांनी जाताना हळूच सांगितलं.

आता चेष्टा बाजूला. पोरगं चुकलं असं मी नाही म्हणणार, कारण मी बँकेत दिवसभर तेच करते. अर्जाचा विषय बघते, शेवटची ओळ बघते, मधल्या 'सविनय सादर' भागावरून नजर घसरते. पेपरवाले म्हणूनच बातमी उलटी रचतात, मुख्य ते पहिल्या ओळीत, मग खालचं, म्हणजे जागा कमी पडली तर शेपूट कापलं तरी बातमी शाबूत. आणि शाळेत आपल्याला काय शिकवलं? चार ओळी प्रस्तावना, मग मध्य, शेवटी एक सुविचार. आवडता ऋतू वसंत, त्यात कोकीळ आलीच पाहिजे. नागपुरात वसंत म्हणजे होळीलाच कूलर माळ्यावरून खाली, कोकीळ कुठली, आम्ही गवत बदलणाऱ्याला शोधत असतो. तरी आम्ही सगळ्यांनी कोकीळच लिहिली, कारण गाइडमध्ये कोकीळ होती आणि मार्क कोकिळेला होते. कोण वाचणार आहे, त्याला काय हवंय, हे विचारून मग मांडा असं एकाही वर्गात कुणी सांगितलं नाही. सांगितलं ते समास सोडा. माझी लेक आता सातवीत आहे, तिच्या वहीतही कोकीळ आहे, मी बघितली. मोबाइलच्या जमान्यात कोकीळ! आणि तीच पोरं मोठी होऊन पानभर अर्ज लिहितात, कुणीतरी एक पट्टी स्टेपल करतं, बाकीचं ड्रॉवरमध्ये जातं, आणि घरात 78 वर्षांचं माणूस ओला टॉवेल पांघरून बसतं. याच्यात हसण्यासारखं काय आहे मला सांगा.

माणूस काही आला नाही. मी फोन करत राहिले, 'नोंद आहे मॅडम, येऊन राहिला' ऐकत राहिले. शेवटी आज सकाळी त्याच पोराचा फोन.

"मॅडम, अर्जात पत्ताच नाही ना."

मी म्हटलं, पत्ता तुमच्याच दुकानात आहे. सहा नंबरची पट्टी. ड्रॉवरमध्ये नसेल तर तो डेमो कूलर आहे ना, त्याच्या खाली बघ, नाहीतर मागच्या जाळीत चिकटली असेल.

"तो तर काल विकला जी," तो म्हणाला, "मानेवाड्याले गेला. तुम्ही असं करा, नवीन अर्ज द्या. आणि यावेळी जरा डिटेलमधी लिहा."