नो कोमेस, नो कोमास

नातवाशी बोलायला 'ये', 'खा', 'झोप' एवढं आलं की पुरे, असा माझा हिशोब होता. सपशेल चुकला. चार वर्षांच्या पोराशी आजी जे बोलते ते सगळं 'नको'तच असतं.

मुलगा, सून आणि नातू जुलैत वॅलेन्सियाहून सांगलीला आले. नातवाचं मराठी 'आजी'पाशी सुरू होऊन तिथंच संपतं, म्हणून मी सहा महिने मोबाईलवर स्पॅनिश गिरवलेलं. आपलं कसं, चढ म्हणा, चढू नको म्हणा. एक 'नको' सगळीकडे चालतो. तिकडे नुसत्या 'नो'नं भागत नाही. तू-तुझ्यातल्या बोलण्यात 'आर'वाल्या क्रियापदांच्या शेपटीतला 'आ' काढून 'ए' घालायचा आणि 'एर'-'ईर'वाल्यांना 'आ' द्यायचा. चक्क साटंलोटं! त्यात 'ये' म्हणजे नुसतं 'बेन', पण 'येऊ नको'ला 'नो बेंगास'. (पाहुण्याला नको म्हणायला जास्त कष्ट पडतात, हे मात्र पटलं.)

आल्या दिवशीच पोरानं भडंगाचा डबा मांडीवर घेतला. तिखटानं नाक वाहतंय, पण मूठ थांबेना. मी दरडावलं, "नो कोमेस!"

त्यानं डोळे वटारले. "सी कोमो!" म्हणाला आणि आणखी एक बकाणा भरला.

सून हसून हसून बेजार. 'खाऊ नको'ला 'नो कोमास' लागतं. मी त्याला 'तू खात नाहीस' असं सुनावलं होतं, आणि तो बिचारा 'खातो की!' म्हणत खाऊन दाखवत होता.

शहाणपण आलं म्हणावं, तर दुसऱ्या दिवशी खिडकी. बाहेर धो धो पाऊस, गल्लीत जो तो कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट झालं ते विचारतोय, आणि हा गज धरून वर.

"नो सुबेस!"

"सी सुबो!" एक गज वर.

मी जितकी ओरडते तितका हा चढतो. शेजारच्या वहिनींनी दारातून विचारलं, "काकू, किती चढलं हो?" म्हटलं, "धोका पातळी ओलांडली!" पुलाची ४५ फुटांवर आहे, आमची पाचव्या गजावर. त्या बिचाऱ्या सामान माळ्यावर टाकायला पळाल्या.

जायच्या आदल्या दिवशी दुपारी सगळे निजलेले बघून मी हळूच पेढ्यांचा पुडा सोडला. मला शुगर आहे, हे घरात सगळ्यांना पाठ. मागून आवाज आला, "आजी, नो कोमास."

'आ' कसा स्वच्छ लागला होता!

"सी कोमो," म्हटलं आणि पेढा तोंडात टाकला.