वाडा उचलायचा, पण खर्च कोणाचा?

नाशिकच्या भद्रकालीतला एक वाडा उतरवायला घेतलाय. त्याच्या सागवानी तुळयांचा भाव कट्ट्यावर निघाला आणि मन्या उसळलाच. "तुळया विकण्यापेक्षा आख्खा वाडा उचलून गंगापूर रोडला नेऊन ठेवा ना! अमेरिकेत गाव हलवलंय लोकांनी."

बाळ्या बांधकामातला माणूस. "गाव म्हणजे काय गणपतीचा पाट आहे, उचलला आणि ठेवला?"

मन्याने मग हिबिंग काढलं. मिनेसोटातलं 1893 चं गाव. गावाच्या पोटातच लोखंडाचं खनिज, आणि त्याचा हक्क खाण कंपनीकडे. 1919 पासून घरं दक्षिणेला न्यायला सुरुवात झाली, जवळपास दोनशे इमारती हलल्या. घर जॅकवर चढवायचं, खाली ओंडके सारायचे, पुढून घोडे नाहीतर वाफेचं यंत्र ओढणार. मागचा ओंडका सुटला की पळत नेऊन पुढे टाकायचा.

"सगळी पोचली?"

"सेलर्स हॉटेल सोडून. ते ओंडक्यांवरून घसरलं आणि तिथेच त्याचं सरपण झालं."

"बघ! अरे, ती लाकडी घरं, हलकी. आपल्याकडे खाली दगडी जोतं, वर मातीच्या हातभर जाड भिंती. खांब-तुळया सुट्या करून नेशील, खुणा घालून परत जोडशीलही. भिंत कशी नेणार? हातात माती येईल."

मन्या हटेना. स्वीडनमधल्या किरुनाचं 1912 चं चर्च, 672 टन वजन, ऑगस्ट 2025 मध्ये दोन दिवसांत 5 किलोमीटर नेलं. कारण तेच, खाली खाण.

"तेही लाकडीच," बाळ्या म्हणाला. इथे मन्या जरा गप्प झाला.

आण्णा इतका वेळ नुसते ऐकत होते. "पैसे कोणी दिले?"

किरुनात खाण कंपनीने. हिबिंगलाही मुख्य भार कंपनीवरच. नव्या गावातली सुमारे 40 लाख डॉलरची शाळासुद्धा खाणींच्या करातून उभी राहिली. माझ्या मते खरी मेख इथेच आहे. तिथे कंपनीला खालची जमीन हवी होती, घर मध्ये येत होतं, म्हणून ते हलवण्यात तिचा फायदा होता. जुन्या नाशकात बिल्डरलाही जागाच हवी असते, पण घर हलवायला त्याने का खर्च करावा? चार पावसाळे थांबलं की वाडा आपणच बसतो. मालक दुरुस्ती करत नाही, भाडेकरू खोली सोडत नाही. सोडली की हक्क गेला.

"मी त्यातलाच," आण्णा म्हणाले. "उताऱ्यावर माझं नाव नाही, भाडेपावतीवर आहे. वाडा गंगापूर रोडला नेलात तर मी कुठे राहायचं?"

"त्याच खोलीत, आण्णा."

"आणि भाडं?" बाळ्याने विचारलं. "जुनंच?"

"अर्थात," आण्णा म्हणाले, "खोली तीच ना?"