ढवळाढवळ

रविवारी रात्री साडेनऊला आमच्या सातवीतल्या कन्येला आठवलं, की कार्यानुभवाच्या वहीत उद्या मार्बल पेपरचे, म्हणजे पाण्यावर तरंगत्या रंगाची नक्षी उतरवलेल्या कागदाचे, चार नमुने चिकटवून न्यायचे आहेत. त्या वेळी अप्पा बळवंत चौकात जाऊन वह्या-पुस्तकांच्या दुकानांची बंद शटरं मोजण्यापलीकडे काही करता आलं नसतं. पण माळ्यावर खिडकीच्या ग्रिलला लावून उरलेला हिरवा आणि काळा ऑइल पेंट होता, टर्पेंटाइनची अर्धी बाटली होती, आणि मी होतो.

"बाबा, तू फक्त डबे उघडून दे," ती म्हणाली. पोरगी हुशार आहे.

पसरट भांडं हवं म्हणून कणकेची परात घेतली. बायको बहिणीशी फोनवर होती, म्हणजे पाऊण तास हातात होता. पहिला थेंब घट्ट, तो गोळा होऊन थेट तळाला. टर्पेंटाइनने पातळ केल्यावर मात्र दुसरा थेंब पाण्याला टेकताच चटकन पसरला. त्यात काळा सोडला आणि खराट्याची हीर एकदाच हलकेच ओढली. काळी रेघ हिरव्यात शिरली आणि मोराच्या मानेसारखी वळली.

खरं तर इथे कागद टेकवायचा आणि उचलायचा. पण समोर ऐकणारं माणूस असताना पुणेकर गप्प बसतो होय? मी सांगू लागलो: तुर्कस्तानात याला एब्रू म्हणतात, पाणी आधी दाट करून घेतात, रंग नीट पसरावा म्हणून रंगात बैलाचं पित्त घालतात, 2014 साली युनेस्कोने ही कला वारशाच्या यादीत घेतली. तुर्कस्तान राहू दे, 17व्या शतकात आपल्या विजापुरात या नक्षीतून हाडं निघालेले घोडे चितारलेत. आणि विलायतेत हिशेबाच्या वह्यांच्या कडा अशा रंगवत, म्हणजे मधलं पान कुणी फाडलं की...

"बाबा, रंगावर साय धरतेय."

पलीकडच्या कडेचा बुडबुडा फोडायला मी परातीवर ओणवा झालो. तेवढ्यात आई आली. "बघू रे," म्हणत तिने बोट फिरवलं. समोरचे काका विरजण मागायला आले होते. "आमच्या वेळी रॉकेल घालायचे," असं म्हणून त्यांनी हीर घेतली आणि वरण घोटावं तसं घोटलं. कागद उचलला तर त्यावर मुठेचं पाणी उतरलेलं, उन्हाळ्यातलं.

फोन संपला. बायकोने परात पाहिली, मग मला पाहिलं.

"मार्बल केकचंही हेच केलं होतंस."

केलं होतं. साधं पीठ आणि कोकोचं पीठ आळीपाळीने भांड्यात ओतून सुरी दोनदाच फिरवायची होती. मी नक्षी 'जरा सारखी' केली. कापल्यावर आत शेवटच्या कणापर्यंत एकच तपकिरी रंग. "फिकट चॉकलेट केक आहे," असं तिने पाहुण्यांना सांगितलं, आणि ते माझ्याकडे न बघता सांगितलं, हे जास्त लागलं. (गोमांसात पसरलेल्या चरबीच्या जाळीलाही मार्बलिंगच म्हणतात आणि जपानात तिला 1 ते 12 अशी श्रेणी देतात. ही माहिती आईसमोर सांगायची माझी छाती नाही.)

आम्हा तिघांना बाहेर काढून स्वयंपाकघराचं दार लावण्यात आलं. वीस मिनिटांत पोरीने एकटीने तीन सुरेख कागद केले. चौथ्याला टर्पेंटाइन संपलं.

रडवेला चेहरा करून ती बाहेर आली आणि माझ्या पोटाकडे बघतच राहिली. ओणवा झालो तेव्हा ढेरी परातीत टेकली होती. एकदाच, हलकेच, काका यायच्या आधी. बनियनवर मोराची मान जशीच्या तशी उतरली होती, एक बुडबुडा नाही.

"हलू नकोस," म्हणत ती कात्री घेऊन आली.

वही परवा तपासून मिळाली. चौथ्या नमुन्याखाली बाईंनी लाल पेनने लिहिलंय, 'उत्तम. कागद कुठून आणला?'