दाबणं हा शेवटचा उपाय

नुकत्याच वाचलेल्या एका लेखात म्हटलंय, की राग दाबायला बुद्धांनी शिकवलं; हे सरसकट विधान काही पटलं नाही. सतिपट्ठान सुत्तात (सजगतेवरच्या बुद्धांच्या उपदेशात) चित्तात द्वेष असेल तर तो आहे, नसेल तर नाही, इतकंच जाणायला सांगितलंय. दाबणं येतं ते वितक्कसंठान सुत्तात (वाईट विचार शांत करण्यावरच्या उपदेशात), तेही पाच उपायांत शेवटी: दातावर दात दाबून, जीभ टाळूला लावून मन आवरा. त्याआधी चांगला विचार धरा, वाईटाचे तोटे पाहा, दुर्लक्ष करा, विचाराचा वेग हळूहळू कमी करा, हे सगळं आहे. (आपण थेट पाचव्यावर उडी मारतो!) उद्धट मेसेज वाचून कान तापतात, बोटं उत्तर टाइप करू लागतात, तेव्हा कान तापलेत एवढं जरी लक्षात आलं तरी बरंच काम होतं. लेखातला वेदनेवरचा भाग मात्र झकास जमलाय.