कोणालाच माहीत नसलेली गोष्ट

प्रशिक्षण कशाचंही असो, त्याचा पहिला अर्धा तास माणसाची अब्रू काढण्यासाठी राखून ठेवलेला असतो. पूर्वी नाव, शाळा आणि केंद्र सांगितलं की खाली बसता यायचं. आता तेवढ्यावर सुटका नाही. आता सुलभक, म्हणजे प्रशिक्षण देणारा, हसतमुखाने समोर येतो, माईक हातात देतो आणि म्हणतो, ‘‘स्वतःविषयी अशी एक गोष्ट सांगा, जी कोणालाच माहीत नाही.’’

हा प्रश्न ज्याने काढला तो माणूस खेड्यात राहत नसणार, एवढं मी दारव्ह्याच्या भर बाजारात उभा राहून सांगायला तयार आहे. शहरात शेजारच्या दारामागे कोण राहतं हे कुरिअरवाल्याला विचारावं लागतं म्हणे. तिथे माणसाजवळ अशा गोष्टींचा साठा असेलही. मी मात्र जिथे जन्मलो तिथेच राहतो आणि शेजारच्या गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. माझ्याविषयीची कुठलीही गोष्ट मला कळायच्या आधी गावाला कळलेली असते.

वांग्याचंच घ्या. मी वांगं खात नाही. दुसऱ्या मुलखात ही आवडनिवड म्हणून खपली असती. यवतमाळ जिल्ह्यात ही फितुरी समजतात. आमच्याकडे गावजेवण म्हणजे रोडगे, वरण आणि वांग्याची भाजी. त्यातलं वांगं काढलं तर लोक त्याला जेवण म्हणणार नाहीत, उपास म्हणतील. मी पंगतीत बसलो की बादली घेतलेला पोट्टा चार पानं अलीकडेच थांबतो आणि मागे वळून ओरडतो, ‘‘मास्तर बसले हायेत रे, गूळ आन!’’ मग अख्खी पंगत माझ्याकडे बघते. दरवर्षी त्याच त्या आजी त्याच करुणेने विचारतात, ‘‘काऊन रे बापा, पोटात दुखते का?’’ एका वर्षी मृग कोरडा गेला. तेव्हा पारावर कोणीतरी म्हणालं होतं, की ज्या गावात वांगं न खाणारा मास्तर आहे तिथे पाऊस तरी कोणत्या तोंडाने येईल. लोक हसले. मीही हसलो, पण पेरणी होईपर्यंत पाराकडे गेलो नाही.

सोयरिकीच्या वेळी तर या माहितीचा पुरा पंचनामा झाला. माझ्या सासऱ्यांनी चौकशीला दोन माणसं पाठवली होती. ती आमच्या घरी आलीच नाहीत. आधी पिठाच्या चक्कीवर बसली, मग न्हाव्याकडे दाढी केली, मग पानठेल्यावर एकेक खर्रा घोटून घेतला आणि परत गेली. जाताना घेऊन गेलेला अहवाल असा: पोरगा सरळ आहे, नोकरी पक्की आहे, वांगं खात नाही आणि झोपेत एकोणतीसचा पाढा म्हणतो, तोही चुकीचा.

हे शेवटचं मला तोवर माहीत नव्हतं. माहीत असण्याचं कारणही नव्हतं, कारण तेव्हा मी झोपलेलो असायचो. पण उन्हाळ्यात सगळं गाव अंगणात बाजा टाकून झोपायचं आणि माझा पाढा थेट चौथ्या घरापर्यंत ऐकू जायचा. ‘एकोणतीस साते’ला मी अडकतो, हे गल्लीतल्या लहान पोरांनाही ठाऊक होतं. मला कोणी सांगितलं नाही, एवढंच. लग्नानंतर बायकोने सांगितलं, तेही असं, की ‘‘तुम्ही अजून तिथंच अडकता जी.’’ तिला हे हळद लागायच्या आधीपासून माहीत होतं. आता घरोघरी कूलर आले, लोक आत झोपू लागले, आणि गावाच्या रात्रीच्या ज्ञानात मोठी तूट आली आहे.

तर अशा माणसाला सुलभक म्हणतात, कोणाला माहीत नसलेलं सांगा.

हा छळ काही आजचा नाही. फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकात मैत्रिणींच्या वह्यांत असले प्रश्न भरून द्यायची टूम होती. मार्सेल प्रूस्त पुढे मोठा लेखक झाला. त्याने पोरवयात अशाच एका वहीत आवडता रंग, आवडतं फूल असलं काही लिहून ठेवलं होतं. ते पान 2003 साली लिलावात एक लाख युरोंच्या वर गेलं. माझ्या मुलीने आठवीत असताना तिचं स्लॅम बुक माझ्यापुढे धरलं, तेव्हा मला हे आठवून जरा उभारी आली. उघडून पाहतो तर माझ्या पानावरची सगळी उत्तरं तिने आधीच भरून ठेवली होती. छंद, सवय, भीती, चिडवायचं नाव, सगळं. मला फक्त सही मागितली. वाचून पाहिलं, बरोबर होतं.

या खेपेचं प्रशिक्षण मे महिन्यात तालुक्याला होतं. हॉलमध्ये टेबलाएवढा कूलर लावलेला. त्याच्या आवाजात बाजूच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं आणि माईकची बॅटरी उतरलेली. त्यामुळे प्रत्येकाला आपलं गुपित ओरडून सांगावं लागत होतं. एक अतिशय कडक मुख्याध्यापक उभे राहिले आणि ‘‘मी पालीला भितो!’’ असं त्यांनी एवढ्या जोरात सांगितलं की व्हरांड्यातला शिपाई आत डोकावला. एका मॅडमनी लहानपणी काचेच्या बांगड्यांचे तुकडे जमवून ते चिमणीच्या ज्योतीवर वाकवून माळ करण्याचा छंद सांगितला. सगळ्या मॅडम एकदम म्हणाल्या, ‘‘आम्हीपण!’’ म्हणजे तेही बाद. एका सरांनी आपण तरुणपणी शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, जोडी हाकायचो असं सांगितलं. पटावर 2014 साली बंदी आली आणि 2021 साली कोर्टातून पुन्हा वाट मोकळी झाली. त्या मधल्या काळात आपण काहीही केलेलं नाही, हे त्यांनी कोणी विचारलं नसताना दोनदा सांगितलं.

मग सुलभकांनी फळ्यावर चार तावदानांची एक खिडकी काढली आणि तिला जोहरी खिडकी म्हणतात असं सांगितलं. मागून प्रश्न आला, ‘‘हे जोहरी कुठचे जी, कारंज्याचे का?’’ सुलभक म्हणाले, अमेरिकेचे. जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगम या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1955 मध्ये ही खिडकी काढली आणि आपापल्या नावाचा तुकडा तिला दिला. पहिल्या तावदानात आपल्यालाही माहीत आणि जगालाही माहीत अशा गोष्टी. दुसऱ्यात जगाला माहीत, पण आपल्याला नाही. तिसऱ्यात आपल्यालाच माहीत. चौथ्यात कोणालाच नाही. आज आपल्याला तिसरं तावदान उघडायचं आहे, असं ते म्हणाले. मी फळ्याकडे बघत बसलो. आमच्या गावाच्या हिशेबाने दुसरं तावदान भिंतभर काढायला हवं होतं आणि तिसऱ्याला कडीकोयंडाच नको होता.

माझी पाळी आली. मी ओरडून सांगितलं, ‘‘लहानपणी मी तिकिटं जमवायचो! प्रवासाची!’’

शेजारच्या खुर्चीवर माझ्याच गावचे एक सर बसले होते. ते दुसऱ्या शाळेवर आहेत. सुलभक कौतुकाने काही बोलणार, तेवढ्यात हे म्हणाले, ‘‘सर, हे तं साऱ्या गावाले माहीत हाय. याले गाव टीशीच म्हणते.’’

खरं होतं. टीशी म्हणजे तिकीट तपासणारा टीसी. शकुंतला तेव्हा धावत होती. यवतमाळहून दारव्हा, कारंजा करत मूर्तिजापूरला जाणारी, अडीच फुटी रुळांवरची, आमच्या भागातला कापूस मोठ्या रेल्वेपर्यंत नेण्यासाठी ब्रिटिश कंपनीने बांधलेली गाडी. तिला ओढणारं वाफेचं इंजिन 1921 साली मँचेस्टरला तयार झालं होतं आणि ते 1994 पर्यंत राबलं; मग डिझेल इंजिन आलं. तिचं तिकीट म्हणजे जाड पुठ्ठ्याची दोन बोटांएवढी कांडी, तीवर तारीख दाबून उमटवलेली. असलं पुठ्ठ्याचं तिकीट इंग्लंडातल्या थॉमस एडमंडसन नावाच्या एका स्टेशनमास्तरने काढलं आणि जगभर ते चाललं. मला त्या पुठ्ठ्याचं वेड लागलं होतं. बाजार करून येणाऱ्या बायांच्या वाटेत मी उभा राहायचो. त्या पदराची गाठ सोडून तिकीट द्यायच्या. तंबाखू खाणाऱ्या आजींच्या तिकिटाला तंबाखूचा वास यायचा, तो अजून जात नाही. एसटीची रंगीत कागदी तिकिटं होती, प्रत्येक किमतीचा रंग वेगळा, वर कंडक्टरने पाडलेली भोकं. ती मी रंगावार लावून बिस्किटाच्या डब्यात ठेवायचो. आमच्या वडिलांना वाटायचं, पोरगा रेल्वेत लागेल.

गाडी आता बंद आहे, पण गाव माझं वेड विसरलेलं नाही. 2022 पासून पंचाहत्तर वर्षांवरच्या लोकांना एसटीत पैसे लागत नाहीत; कंडक्टर शून्य रुपयाचं तिकीट देतो. आमच्या गल्लीतल्या आजी यवतमाळला लेकीकडे जाऊन आल्या की ते तिकीट मुद्दाम माझ्या ओसरीवर आणून देतात. ‘‘घे रे टीशी, फुकटाचं हाय.’’ मशीनवरची छपाई दोन महिन्यांत उडून जाते आणि हातात कोरा कागद राहतो. तोही मी डब्यात ठेवतो. न ठेवून सांगतो कोणाला? चौकशी होते.

‘‘दुसरी एखादी?’’ सुलभक म्हणाले.

मी वांग्याचं सांगणार होतो, पण दुपारच्या जेवणाच्या डेगीजवळ उभी असलेली बाई खिडकीतून मला खुणावत होती, की तुमच्यासाठी आलू वेगळे काढले. ती माझ्या साळीच्या गावची निघाली.

मग मी शेवटचा ऐवज बाहेर काढला. इतकी वर्षं तो मी बायकोलाही सांगितला नव्हता.

रेडिओचा जमाना होता. रेडिओला लायसन लागायचं आणि त्याची फी पोस्टात भरावी लागायची, त्यामुळे गावात मोजकेच रेडिओ. दुपारी फर्माईशीची गाणी लागत आणि गाण्याआधी ती मागणाऱ्यांची नावं आणि गावं वाचली जात. झुमरी तलैया हे गाव भारतभर माहीत झालं ते त्यामुळेच. आमचं गाव कधी येत नसे. मला ते सहन होईना. मी 15 पैशांची पोस्टकार्डं आणून फर्माईशी पाठवायला लागलो. एका माणसाच्या नावाने दहा कार्डं गेली तर आकाशवाणीला संशय येईल, म्हणून मी गावातल्या लोकांची नावं वाटून घेतली. गावात हयात असलेला असा माणूस क्वचितच उरला असेल, ज्याने माझ्यामार्फत गाणं मागितलं नाही.

आणि एके दुपारी आमचं गाव आलं. नाव होतं आबाजींचं. आबाजी म्हणजे धुऱ्यावरच्या बोरीची बोरं मोजून ठेवणारा, पोरं दिसली की तुराटी घेऊन धावणारा, विधुर, चिक्कट माणूस. त्यांच्या नावावर जे गाणं लागलं त्यात नायिका पावसात भिजत होती. गावभर एकच गोंधळ. आपलं गाव रेडिओवर आलं याचा आनंद करावा, की आबाजींना या वयात काय झालं याची काळजी, हे कोणाला ठरवता येईना. आबाजींनी ना हो म्हटलं, ना नाही. पुढे काही दिवस ते पांढरंशुभ्र धोतर नेसून फिरत होते, एवढं मला आठवतं.

हे सगळं मी कूलरवर मात करून सांगितलं. हॉलने टाळ्या वाजवल्या. सुलभक म्हणाले, याला म्हणतात तिसरं तावदान. आमच्या गावचे सरही गप्प राहिले. मला आयुष्यात पहिल्यांदा आपल्याजवळ काहीतरी खासगी होतं असं वाटलं.

ते सर मोटारसायकलने गेले आणि मी एसटीने. मी फाट्यावर उतरलो तेव्हा पानठेल्याच्या बाकावर आमचे जुने पोस्टमनकाका बसलेले होते. आता रिटायर आहेत, पण गावचा टपाल व्यवहार अजून त्यांच्याच तोंडी चालतो.

‘‘काऊन गा टीशी, आज लय मोठं गुपित फोडून आला म्हणते?’’

‘‘तुमाले समजलं वाटते काका.’’

‘‘मले आज समजलं का? कार्ड का पाकिटात रायते? डब्यातून काढलं का वाचलं. साऱ्या गावाची कार्डं एकाच अक्षरात. अन् नायिकेची वेलांटी तं तू एकदाही धड देल्ली नाई. ते म्याच दुरुस्त केलं, म्हनून तं गाणं लागलं.’’

‘‘अन् आबाजीले?’’

‘‘त्याले मी दुसऱ्याच दिवशी सांगतलं. ज्याचं नाव वापरलं त्याले सांगा नाई लागत?’’

‘‘रागावले असतीन.’’

‘‘रागावते कायले! चार आणे काढून देल्ले मले. म्हणे, त्या पोट्ट्याले दे अन् सांग, अजून एक कार्ड टाक म्हणा. पण भजन नोको सांगू, तसंच गाणं सांग.’’

आबाजींनी चार आणे काढून दिले, ही बातमी पचवायला मला थोडा वेळ लागला.

‘‘पण काका, ते चार आणे मले काई भेटले नाई.’’

‘‘भेटतीन कसे? म्या चहा पेलो ना.’’